खोल जाईल त्याचे पाणी

मराठवाड्यात उन्हाळ्याच्या रात्री बोअरच्या गाडीची घरघर दोन शिवारे ओलांडून ऐकू येते. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, त्याच जागी फुफाटा उडत असतो. बांधावरचा शेजारी एवढेच विचारतो, ‘किती फुटांवर गेली?’ चारशेवर पाणी लागले की काही दिवसांत त्याच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. मग तो सावकार गाठतो आणि गाडी त्याच्या रानात येते. आता सहाशे फूट. ज्याच्याकडे फुटाच्या दराचे पैसेच नाहीत, तो तिसरा या शर्यतीत धरलेलाच नाही.

याला निव्वळ हाव म्हणून मोकळे होता येणार नाही. पहिल्याला मोसंबी जगवायची होती, दुसऱ्याला आपली विहीर. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे, हा १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून रुजलेला समज या दोघांनाही ओरबाडायला मोकळीक देतो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत. खोल भेगेतले पाणी एका पावसाळ्यात भरून येत नाही.

साठ मीटरहून खोल विहिरींना आळा घालणारा भूजल कायदा राज्याने २००९ साली केला. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट! त्यानंतर एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आणि २०२४मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत झाली. शेतकऱ्याचे बिल माफ झाल्याचे दुःख नाही. पण मोटार बंद करण्याचे उरलेसुरले कारणही त्याबरोबर गेले.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाण्याचा वाटा एकरावर नव्हे, माणशी ठरवला. भूमिहीनालाही हक्क दिला, उसाला मज्जाव केला. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणेच बंद केले. तिथली माणसे काही संत नव्हेत. शेजारी बोअर घेणार नाही याची खात्री झाली, म्हणून त्यांना थांबणे परवडले. ही खात्री सरकारने द्यायची असते. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय बोअरची गाडी शिवारात शिरता कामा नये, आणि शिरली तर पंचनामा शेतकऱ्याआधी गाडीमालकाचा व्हावा.