बारचे ओझे मानेवर नको

आजकाल आपल्या घरांतील मुले जिममध्ये जाऊ लागली आहेत, मुलीही मागे नाहीत. ही चांगली गोष्ट आहे. पण बार घेऊन स्क्वॉट सुरू केले की आठ-पंधरा दिवसांत तक्रार ऐकू येते, "मान अवघडली, पाठ वरून दुखते." मग कोणी व्यायाम सोडून देतो, तर कोणी बारला फोम गुंडाळतो. आम्ही म्हणतो, त्याआधी बार नेमका कुठे टेकतो ते पाहा.

मान पुढे झुकवून मागून बोट फिरवा. मानेच्या तळाशी एक हाड उठून लागते. तो बहुधा मानेचा सातवा, म्हणजे शेवटचा मणका असतो. बार या हाडावर टेकला तर दुखणारच. तो हाडाच्या खाली, मांसल भागावर हवा. खांद्याचे दोन्ही फरे मागे आवळले की तिथे स्नायूंची गादी तयार होते. ओझे तिनेच पेलायचे असते. जाड फोम लावल्याने बार सरकू शकतो आणि मूळ चूक तशीच राहते.

आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात. दोन्ही हात बारच्या मध्यापासून सारख्या अंतरावर असावेत. खांदे आखडत असतील तर पकड थोडी रुंद करावी. कोपरे मागे उचलू नयेत. नजर छताकडे किंवा बाजूच्या आरशाकडे नको. समोर दीड-दोन मीटरवर जमिनीकडे पाहावे, म्हणजे मान पाठीच्या रेषेत राहते. बार काढताना टाचा उचलाव्या लागत असतील तर रॅक खाली घ्यावा.

वजनाची घाई नको. ऑलिंपिक मापाचा रिकामा बारच पुरुषांसाठी 20 आणि स्त्रियांसाठी 15 किलोचा असतो. नवख्याने आधी छातीशी हलका डंबेल धरून बसणे-उठणे शिकावे. तासभर मोबाइलवर मान वाकवून थेट बारखाली जाऊ नये. पाच मिनिटे खांदे, मान हळूहळू मोकळी करावी.

हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, मानेतून दंडात कळ जाणे किंवा पकड ढिली पडणे ही साधी अंगदुखी नव्हे. व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मालिश करून किंवा गोळी घेऊन पुन्हा बार उचलू नये.

अम्मी-अब्बांनी मुलांना किती किलो उचलले हे जरूर विचारावे. पण त्याआधी बार कुठे टेकवता, हे विचारावे.