कौंचाच्या चमच्यात किती डोपा आहे, ते आम्हाला सांगा

मा. कुलगुरू,
महाराजा सयाजीराव विद्यापीठ, वडोदरा



माझे वडील कंपवाताचे रुग्ण आहेत. हिवाळा लागला की आपल्या शहरात घरोघर कौंचापाक होतो. आमच्यासारख्या घरी तो औषध म्हणून येतो. सोबत हळदीच्या गोळ्या, ग्रीन टी, द्राक्षबियांचा अर्क. आणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द असतो: अँटिऑक्सिडंट.

यामागचा तर्क खोटा नाही. मेंदूतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशींत, त्या डोपामीनचे विघटन होतानाच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. तिथे लोहही साठलेले असते, आणि या दोहोंच्या मेळातून पेशीला जाळणारे रेणू निर्माण होतात. वनस्पतींतली द्रव्ये ते रेणू शमवतात, असे प्रयोगशाळेत उंदरांवर अनेकदा दिसले आहे. माणसांत मात्र अनुभव निराशेचा आहे. अमेरिका-कॅनडात ८०० रुग्णांच्या चाचणीत ई जीवनसत्त्वाची भरपूर मात्रा देऊन पाहिली. आजाराचा वेग कमी झाला नाही. को-एन्झाइम क्यू-१० ची ६०० रुग्णांवरची चाचणी तर उपयोग दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली.

कौंचाची, म्हणजे आपल्या खाजकुइलीची, गोष्ट निराळी आहे. तिच्या बियांत चक्क लेव्होडोपा असते, डॉक्टर गोळीतून देतात तेच. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते या बियांतून वेगळे काढले. २००४ मध्ये लंडनला आठ रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीत ३० ग्रॅम चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला.

म्हणूनच मला काळजी वाटते. बियांतले डोपाचे प्रमाण वाणागणिक बदलते. गोळ्या चालू असलेल्या माणसाने वर चमचाभर चूर्ण घेतले, तर त्याच्या पोटात नक्की किती डोपा गेले हे कोण सांगणार? जास्त झाले तर मळमळ, अंगाच्या अनावर हालचाली, रक्तदाब उतरणे, भासदेखील. आणि चूर्णावर विसंबून कोणी गोळ्या एकदम बंद केल्या, तर ते जिवावर बेतू शकते. बरणीवर यातले काही लिहिलेले मला आढळले नाही, आणि रुग्ण तरी डॉक्टरांना चूर्णाचे कुठे सांगतात! ते त्यांना औषध वाटतच नाही.

आपल्याकडे वनस्पतिशास्त्र विभाग आहे, फार्मसी आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. मांडवीच्या बाजारातून चूर्णाचे नमुने घ्या, त्यांतले लेव्होडोपा मोजा आणि दर चमच्यामागे किती ते जाहीर करा. जे निघेल ते गुजराती आणि मराठीत एका पानावर छापून सयाजी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ठेवा. १८९० साली याच शहरात कलाभवन निघाले आणि तिथे शास्त्र मातृभाषेतून शिकवले गेले. त्या परंपरेला हे साजेसेच होईल. हळद आणि ग्रीन टीबद्दलही त्याच पानावर स्पष्ट लिहा: आहारात जरूर असू द्या, पण गोळ्यांच्या जागी नको.

पुढच्या हिवाळ्याआधी हे झाले, तर बरे.

आपली,
दांडिया बाजारातील एक रहिवासी