मुलांसाठी लिहिणं हे ‘बायकी’ काम?

बाईनं मुलांसाठी काही केलं की ते कौतुकाचं ठरतं, पण काम ठरत नाही. अंगणवाडीतल्या ताईला पगार नाही, ‘मानधन’ मिळतं. घरात गोष्ट सांगणारी आजी तर हिशोबातच नसते. मुलांसाठी पुस्तकं लिहिणारी बाई याच रांगेत उभी आहे, असं मला वाटतं. म्हणून आज माधुरी पुरंदरे यांच्याविषयी लिहिते आहे.

माधुरीताईंचं शिक्षण चित्रकलेचं. फ्रान्सला जाऊन त्या फ्रेंच शिकल्या, पुण्यात ती भाषा शिकवली, रंगभूमीवर गायल्या. ‘पिकासो’ हे चरित्र लिहिलं, ‘हॅनाची सुटकेस’ मराठीत आणलं. त्यांच्या आई निर्मलाताई पुरंदरे यांनी 1981 साली ‘वनस्थळी’ सुरू केली आणि खेड्यातल्या बायकांना बालवाडी शिक्षिका म्हणून तयार केलं. माधुरीताईंनीही त्या कामात बरीच वर्षं घातली. मुलांपर्यंत चांगलं वाचायला पोचत नाही, हे त्यांना तिथे जवळून दिसलं असणार. पुढे ‘वाचू आनंदे’, ‘लिहावे नेटके’, ‘राधाचं घर’, ‘यश’ अशी पुस्तकं आली. चित्रंही बहुतेक त्यांचीच. 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, 2016 साली टाटा ट्रस्टचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार.

हा साहित्य अकादमीचा पुरस्कार 2010 पासून दिला जातो. त्याची मराठीची यादी काढून बघा. 2014 साली माधुरी पुरंदरे, 2022 साली संगीता बर्वे. बाकी नावं जवळजवळ सगळी पुरुषांची. त्या पुरुषांनी चांगलं लिहिलं नाही, असं मला म्हणायचं नाही. पण मुलांना वाढवायचं, गोष्टी सांगायच्या, बालवाडी चालवायची ती बायांनी, आणि तेच काम ‘साहित्य’ झालं की व्यासपीठावर बाया मोजक्याच, हे कसं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी अंगणात बालवाडी नेली, मुलांसाठी लिहिलंही. आपण त्यांना ‘मुलांच्या आया’ म्हणून नमस्कार करतो. विचार करणाऱ्या, लिहिणाऱ्या बाया म्हणून किती वाचतो?

माधुरीताईंच्या पुस्तकांत मला आवडतं ते हे, की शेवटी तात्पर्य चिकटवलेलं नसतं. मूल मूर्ख नसतं आणि देवाघरचं फूलही नसतं. त्याला स्वतःचं मत असतं. ‘मुलीनं असं वागावं’ हे आपल्याकडे गोष्टीतूनच पाजलं जातं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात आई स्वयंपाकघरात आणि बाबा पेपर वाचताना, हे वर्षानुवर्षं चाललं. बालभारतीनं 2019 साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघंही भाजी निवडताना दाखवले, तर केवढी चर्चा झाली! एका चित्राची एवढी ताकद असेल, तर मुलांचं पुस्तक हा आपल्या चळवळीचा प्रश्न नाही असं कसं म्हणणार?

पण एक बोच आहे, तीही सांगते. फुलसावंगीच्या आसपासच्या एका तांड्यावर मी ‘राधाचं घर’ वाचून दाखवत होते. मुलं चित्रांवर अक्षरशः पडली होती. मधेच एका मुलीनं विचारलं, “बाई, या राधाची याडी ऊस तोडाले जात नाही का?” मी गप्प झाले. पुस्तक वाईट नव्हतं. राधाचं घर राधाचं होतं, खरं होतं. पण या मुलीचं घर कुठल्या पुस्तकात आहे? सहा-सहा महिने आईबापामागे फडावर जाणारी मुलगी, घरात गोरमाटी आणि शाळेत पुस्तकी मराठी बोलणारी मुलगी, बाप गेल्यावर कपाशीच्या शेतात उभी राहिलेली आई, यांचं पुस्तक कोण लिहिणार? त्याची सगळी जबाबदारी पुण्यातल्या एका लेखिकेवर टाकणं अन्यायाचं आहे. ते इथूनच यायला हवं.

मैत्रिणींनो, दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. ग्रामपंचायतीला उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्च करावा लागतो. तो कागदावर कुठे जातो हे ग्रामसभेत विचारू आणि त्यातून अंगणवाडीसाठी पुस्तकं मागू. चांगली पुस्तकं मागू, उरलीसुरली नकोत. दुसरं, बचत गटाच्या बैठकीत हिशोब झाला की एकेक बाईनं आपली लहानपणची गोष्ट आपल्या बोलीत सांगावी आणि शाळेत जाणाऱ्या पोरीनं ती वहीत उतरवावी. चित्रंही पोरींनीच काढावीत.

त्या तांड्यावरच्या मुलीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिच्या याडीचं पुस्तक तिच्या हातात ठेवता आलं, तर तेच उत्तर होईल.