घरपोच माल आणि परताव्याचा हक्क

खानापूरच्या बाजारात मडके घेणारी बाई आधी त्याला टिचकी मारून पाहते. आवाज खणखणीत आला तर भाव, नाही तर मडके खाली. घरी नेल्यावर त्यास तडा दिसला, तरी पुढच्या बाजारी कुंभार त्याच जागी बसलेला असतो. त्याला दोन शब्द सुनावता येतात आणि तोही बहुधा मडके बदलून देतो. मोबाईलवर चित्र पाहून मागविलेल्या मालास मात्र टिचकी मारता येत नाही. विकणारा सुरतेचा की दिल्लीचा, हेही पुष्कळदा आपण पाहिलेले नसते.

गेल्या आगमनकाळात आमच्या घरी असाच एक मिक्सर आला. नाताळच्या आठवड्यात उघडू म्हणून खोके बाजूस ठेवले गेले, ही चूक आमचीच. उघडले तेव्हा भांड्याला तडा, आणि यंत्र काही केल्या सुरू होईना. विक्रेत्याचे उत्तर आले की, परत घेण्याची सात दिवसांची मुदत संपली. तेवढ्यावर घरची मंडळी "जाऊ द्या, पैसे गेले" असे म्हणून मोकळी झाली. आमच्या गावांतील किती तरी घरांत असेच होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

या देशातील पहिला ग्राहक संरक्षण कायदा २४ डिसेंबर १९८६ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, राष्ट्रपतींच्या संमतीने झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला, आणि जुलै २०२० मध्ये ऑनलाइन व्यापारासाठी निराळे नियम निघाले. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, किंवा ठरल्या दिवसानंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याने तो परत घेण्यास वा पैसे परत देण्यास नकार देता कामा नये, असे त्यांत स्पष्ट आहे. (उशीर एखाद्या आपत्तीमुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी.) सात दिवसांची मुदत हा दुकानाचा नियम, सदोष मालाविषयीचा कायद्याचा हक्क त्याने पुसला जात नाही. मात्र दिवस गेले की दोष आधीपासूनचा होता हे दाखविणे जड जाते. म्हणून खोके आल्या दिवशीच उघडावे, आणि उघडताना मोबाईलवर चित्रण करून ठेवावे. रंग मनास आला नाही एवढ्याच कारणाने पैसे मागावयाचे असतील, तर तेथे कायद्याचा आधार नाही. विक्रेत्याने जे कबूल केले असेल तेवढेच मिळते.

ऑनलाइन बाजार चालविणारी कंपनी आणि तेथे माल मांडणारा विक्रेता हे पुष्कळदा दोन निराळे असतात. विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविणे कंपनीवर बंधनकारक आहे. तिने तक्रार निवारण अधिकारीही नेमावयाचा असतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावा, असा नियम आहे.

या अधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या अ‍ॅपमध्येच शोधावा. आमच्या जावईबापूंनी तो इकडेतिकडे शोधला, तेव्हा भलताच नंबर हाती लागला. पलीकडचा गृहस्थ अतिशय गोड बोलला आणि शेवटी यूपीआयचा पिन टाकावयास सांगू लागला! पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नव्हे. फोन ठेवला म्हणून बरे. नाही तर मिक्सरच्या मागोमाग बँकेतील भाताचे पैसेही गेले असते.

कंपनीने ऐकले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तेथे मराठीत बोलता येते, कन्नडमध्येही येते. सीमाभागातील माणसास ही सोय लहान नव्हे. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. जुन्या कायद्यात तक्रार कोठे करावयाची, हाच मोठा अडसर असे. आता तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाता येते, म्हणून खानापूरकरास बेळगाव पुरे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही. फक्त दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे.

आता एक अप्रिय गोष्ट. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलीला झगा घालावयाचा, फोटो काढावयाचे आणि सोमवारी "माप बसले नाही" म्हणून तो परत धाडावयाचा, असे प्रकार आमच्या कानांवर आले आहेत. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदीविक्रीतील फसवणुकीचा ऊहापोह केला, तेव्हा विकणाऱ्याप्रमाणे घेणाऱ्याच्या लबाडीचाही विचार केला होता. असा झगा परत पाठविणाऱ्या आईबापांनी पुढच्या पापनिवेदनात त्याची आठवण ठेवावी.

आमचे पैसे जानेवारीच्या अखेरीस खात्यात जमा झाले. तोवर नाताळचा सगळा मसाला सासूबाईंनी पाट्यावरच वाटला होता. आणि नवा मिक्सर घ्यावयाचा की नाही, यावर घरात अद्याप एकमत नाही.