बटणं काढा, दुवे दुरुस्त करा

मराठी नियतकालिकांच्या संकेतस्थळांवर लेखाच्या वर, खाली आणि पडद्याच्या कडेला शेअरची बटणं असलीच पाहिजेत, असा आग्रह एक तंत्रसल्लागार सध्या संपादकांकडे धरत आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बटण नसेल तर लेख पसरत नाही. बटणाशेजारी आकडा दिसला की नव्या वाचकाचा विश्वास बसतो. हे सगळं फुकट मिळतं, दोन ओळींचा कोड चिकटवला की झालं. आणि ज्याला हे पटत नाही त्याला तरुण वाचक नकोच आहे. यातला शेवटचा मुद्दा हा युक्तिवाद नव्हे, दटावणी आहे. पण ती लागू पडते. तरुण वाचक हातचा जाईल म्हटलं की आपले संपादक कशालाही मान डोलावतात.

आधी किरकोळ मुद्दे निकालात काढू. आकड्याची गोष्ट घ्या. ट्विटरने नोव्हेंबर २०१५ मध्ये बटणाशेजारचा आकडाच काढून टाकला आणि ज्यांनी त्यावर आपली पत उभी केली होती त्यांच्या पानांवर एका दिवसात काही उरलं नाही. शिवाय एखाद्या चांगल्या समीक्षालेखाशेजारी मोठं शून्य झळकलं तर विश्वास बसतो की उडतो, हे ज्याचं त्याने ठरवावं. तरुण वाचकाचं म्हणाल, तर तो ज्या इन्स्टाग्रामवर आहे तिथे एखाद्या पानावरून थेट लेख टाकणारं बटण मिळतच नाही.

बटणामुळे लेख पसरतो, हा दावा तर तपासून झालेला आहे. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळाने शेअरची बटणं लावली, दहा आठवडे मोजदाद केली आणि २०१४ साली ती जाहीर केली. पान हजार वेळा उघडलं गेलं तर बटणावरून ते पुढे गेलं जेमतेम दोनदा. लोक पुढे पाठवत नाहीत, असा याचा अर्थ नाही. भरपूर पाठवतात. पण ते पत्त्याची पट्टी कॉपी करतात, फोनच्या ब्राउझरमधला शेअर पर्याय वापरतात किंवा सरळ मजकूर उचलून व्हॉट्सॲपच्या गटात टाकतात. ही सोय प्रत्येक फोनमध्ये आधीपासूनच आहे. तीच पानावर रंगीत चौकोनांत पुन्हा मांडून आपण वाचकाला कोणती नवी सोय देतो?

आता ‘फुकट’. खरा घोळ या एका शब्दात आहे, म्हणून त्यावर सविस्तर बोलायला हवं.

तो दोन ओळींचा कोड नेमकं काय करतो ते पाहा. समजा, परभणीतली एक मुलगी रात्री फोनवर तुमच्या अंकातला पाळीच्या त्रासाविषयीचा लेख उघडते. तिचा ब्राउझर तुमच्या सर्व्हरकडून पान आणतो. त्या पानात बटणांचा कोड असतो, म्हणून तो लगेच दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. जाताना तिच्या जोडणीचा आयपी पत्ता आणि फोनची, ब्राउझरची ओळख देतो, त्या कंपनीची कुकी आधीपासून असली तर तीही देतो. आणि बटण नेमकं कोणत्या पानासाठी हवं हे सांगावंच लागतं, म्हणून लेखाचा पत्ताही पोचतो. हे सगळं होतं तेव्हा मुलीने लेखाची पहिली ओळसुद्धा वाचलेली नसते आणि बटणाला तर बोटही लावलेलं नसतं. वाचनालयात कोणी कोणतं पुस्तक कपाटातून काढलं हे दारात बसलेल्या परक्या माणसाने वहीत टिपावं, आणि ग्रंथपालाने त्याला स्वतः खुर्ची द्यावी, तसं हे आहे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी, नैराश्यावर, घटस्फोटावर, धर्मचिकित्सेवर आपण लेख छापतो ते वाचकाला एकांत मिळावा म्हणून. त्या एकांतात तिसरा माणूस आपणच आणून बसवतो.

सल्लागार म्हणतात, आता बरेच ब्राउझर अशा कुक्या अडवतात. खरं आहे. पण कुकी अडली म्हणून या कंपन्या थांबल्या नाहीत, त्याचा पुरावा जुना आहे. लाखो संकेतस्थळांवर ‘ॲडदिस’ नावाचा बटणांचा फुकट संच होता. प्रिन्स्टन आणि ल्यूव्हेन इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं, की त्या बटणांचा कोड ब्राउझरला गुपचूप एक चित्र काढायला लावतो. प्रत्येक यंत्र ते चित्र किंचित वेगळं काढतं. त्या फरकावरून, कुकीशिवायच, वाचकाचं यंत्र ओळखता येतं. ज्या संपादकांनी तो कोड चिकटवला त्यांपैकी कोणाला हे ठाऊक होतं? २०१६ मध्ये ओरॅकलने ही सेवा विकत घेतली. फुकट बटणांसाठी एवढी मोठी कंपनी पैसे मोजते, तेव्हा तिला बटणं हवी असतात की बटणांमागून येणारी माहिती, हे कळायला सल्लागार लागत नाही. आणि ३१ मे २०२३ रोजी ती सेवा बंद झाली. गरज सरो, वैद्य मरो. ज्यांच्या पानांवर ती होती त्यांना कोड उपसत बसावं लागलं. गूगल प्लसचं बटणही असंच घरोघर लागलं होतं. एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लसच सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झालं.

जबाबदारी कोणाची, याचाही निकाल लागलेला आहे. कपडे विकणाऱ्या ‘फॅशन आयडी’ या जर्मन संकेतस्थळाने फेसबुकचं ‘लाइक’ बटण लावलं होतं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी सांगितलं, की बटण लावून वाचकाची माहिती गोळा करायला आणि धाडायला वाट करून देणारा संकेतस्थळाचा मालक फेसबुकच्या बरोबरीने जबाबदार ठरतो. पुढे फेसबुक त्या माहितीचं काय करतं, याची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावर टाकली नाही. पण दार उघडल्याची टाकली. तो निकाल आपल्याला लागू नाही, हे मलाही कळतं. पण आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि वाचकाची संमती हा त्याचा मुख्य आधार आहे. परभणीच्या त्या मुलीची संमती कोणी घेतली? सल्लागारांनी? संपादकांनी? कोणीच नाही.

हे भांडण आजचं नाही. मराठी मजकूर जालावर आला तेव्हाही असेच जाणकार होते. प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा, वाचकाने तो आधी उतरवून घ्यावा, नाहीतर पडद्यावरचा गिचमीड कचरा बघत बसावं. युनिकोड वापरा असं सांगणाऱ्यांना ‘छपाईत ते चालत नाही’ म्हणून गप्प केलं जाई. त्या काळातले कितीतरी लेख आज शोधून सापडत नाहीत, कारण यंत्राच्या लेखी ती मराठी अक्षरंच नव्हती. मग आली कॉपीबंदी. चोरी होते म्हणून मजकूर निवडताच येऊ नये अशी व्यवस्था. ती अजून अनेक ठिकाणी आहे आणि त्याच पानावर ‘शेअर करा, शेअर करा’ म्हणणारी सहा बटणं आहेत. वाचकाने एक परिच्छेद उचलून मैत्रिणीला पाठवला तर तो चोर, आणि त्याची माहिती परक्या कंपनीने उचलली तर ती प्रसिद्धी. या न्यायाची मला चीड येते.

मग करायचं काय? मजकूर पुढे जावा असं मलाही वाटतं, सल्लागारांपेक्षा कणभर जास्तच वाटतं. त्यासाठी तीन-चार गोष्टी पुरतात.

दुवा आखूड ठेवावा. देवनागरीतलं शीर्षक जसंच्या तसं पत्त्यात घातलं की कॉपी करताना त्याचं प्रत्येक अक्षरचिन्ह टक्क्यांच्या खुणांसकट नऊ खुणांचं होतं. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं आहेत, त्यांच्या पंचेचाळीस खुणा होतात. सात-आठ शब्दांचं शीर्षक असेल तर व्हॉट्सॲपवर अर्धा पडदा भरणारी रांग उमटते आणि ती बघून कोणी बोट लावत नाही.

शीर्षक, लेखकाचं नाव आणि एक चित्र पानाच्या कोडमध्ये नीट भरावं, म्हणजे दुवा पाठवल्यावर खाली उमटणाऱ्या चौकटीत ते दिसतं. ओपन ग्राफची ही सोय २०१० पासून आहे आणि तिला वाचकाची कसलीही माहिती लागत नाही.

कॉपीबंदी उठवावी, आणि लेखकाचं नाव मजकुराच्या आरंभी व शेवटी छापावं. आज कोणाचाही लेख गटागटांतून ‘लेखक अज्ञात’ म्हणून फिरतो, नाहीतर पुलंच्या किंवा वपुंच्या नावावर खपतो. लिहिणाऱ्यावरचा हा अन्याय थांबवायला बटणाचा काडीचा उपयोग नाही. मजकुराला चिकटलेल्या नावाचा आहे.

आणि बटण हवंच असेल तर एकच ठेवावं, फोनचा स्वतःचा शेअर फलक उघडणारं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ही सोय २०१७ पासून आहे, सफारीत २०१९ पासून. त्यात कोणत्याही परक्या कंपनीचा कोड लागत नाही. वाचकाने दाबलं तरच काहीतरी घडतं, आणि कुठे पाठवायचं ते वाचकच ठरवतो.

संपादकांनी पुढचा अंक चढवण्याआधी तो दोन ओळींचा कोड काढून टाकावा, दुवे सुधारावेत, लेखकांची नावं दोन्ही टोकांना छापावीत. लिहिणाऱ्याला त्याचं नाव आणि वाचणाऱ्याला त्याचा एकांत, एवढं तरी नियतकालिकाने दिलंच पाहिजे.