तेवढं पार्सल ने गं!

भाची पहिल्यांदाच परदेशी निघाली, तेव्हा घरात चकल्या-लाडवांचीच चर्चा. त्यात शेजारच्या काकू ‘तेवढं पार्सल ने गं’ म्हणत पुडकं घेऊन आल्या. मी ते उघडायला लावलं. निघाला मसालाच, पण काकू फुगल्या!

मैत्रिणींनो, २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं नात्यातल्याच बाईने दिलेलं पुडकं घेऊन कतारला गेलं. त्यात चरस सापडला. आधी १० वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष सुटून घरी यायला २०२१ उजाडलं. ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथं लवकर कुणी ऐकत नाही.

मोठ्यांना नाही म्हणू नये, हेच आपण मुलींना शिकवतो. निघताना पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर तेवढं एक ‘नाही’ही त्यांच्या हाती द्या.