उसनी फांदी

छायाचित्राला निसर्गाची चौकट हवी, हा नियम हल्ली घरोघर पोचला आहे. नियम चांगला आहे. पाळण्याची रीत मात्र भयंकर! छत्रपती संभाजीनगरच्या बीबी-का-मकबऱ्यापुढे सुटीच्या दिवशी उभे राहून पाहा. एक जण झाडाची डहाळी मोडतो, दुसरा ती फोनच्या भिंगापुढे धरतो आणि तिसरा ‘वा, काय फ्रेम!’ म्हणून मान डोलावतो. फोटो निघाला की डहाळी पायदळी.

एका डहाळीने झाड मरते का, असे कोणी विचारील. एकीने मरत नाही. पण मागे रांग किती लांब आहे, तेही मोजा की!

आणि एवढे करून मिळवले काय? दारावरचे तोरण! अहो, पुढच्या पानाने मागच्या वास्तूविषयी काही सांगावे लागते. वेरूळचे कैलास लेणे समोरून टिपले, तर कोणालाही ते बांधलेले देऊळ वाटेल. बाजूच्या डोंगरावर जा, कड्यापासून जपून उभे राहा आणि काठावरचे गवत चित्रात पुढे येऊ द्या. गवत वर, शिखर खाली! आठव्या शतकातल्या पाथरवटांनी अखंड डोंगर माथ्यापासून खाली कोरत नेला, हे ते गवतच सांगून जाते. अजिंठ्याचेही तसेच. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती लेणी दिसली, तेव्हा ती रानाने झाकली होती. वाघूर नदीपलीकडच्या टेकडीवरून, पानांच्या फटीतून लेण्यांची नालाकृती ओळ टिपली, की त्या रानाची आठवण चित्रात राहते.

मकबऱ्यापुढे मनाजोगी फांदी सापडत नसेल, तर हट्ट कशाला? आझमशहाने आईसाठी उभारलेल्या या वास्तूला प्रवेशद्वाराची कमान आहे. तिच्यातून पाहा, चौकट आयतीच मिळेल.

या दिवाळीत आजीला घेऊन जाल, तर तिला सावलीत बसवा. मग तुम्ही चार पावले मागे या, वाका, गुडघा टेका. झाडावरची फांदी आपोआप चित्रात येईल. उजेडासमोर पाने काळी पडतात आणि चेहराही अंधारतो, म्हणून फोनच्या पडद्यावर बोट आजीच्या चेहऱ्यावर टेका. श्रम पडतील ते तुमच्या गुडघ्यांना पडू द्या. झाडाने ते का सोसावेत?